गढूळ पाणी निवळल्यानंतर

उथळ तलावात पुराचे मातकट पाणी शिरले की आता पाण्यावरचा हिरवा थर धुऊन निघेल, असे हमखास ऐकू येते. पहिले काही दिवस ते खरेही वाटते. मात्र पाणी निवळू लागल्यावर तोच तलाव पूर्वीपेक्षा अधिक हिरवा झाला, तर दोष उन्हाला दिला जातो आणि पुरासोबत आलेला गाळ नामानिराळा राहतो.

शैवालांना प्रकाश लागतो आणि पोषकद्रव्ये, विशेषतः फॉस्फरस, लागतात. गाळ प्रकाश अडवतो आणि फॉस्फरस आणून देतो. पण अडवणूक ताबडतोब होते आणि पुरवठा रेंगाळत होतो. गढूळ पाण्याच्या वरच्या २० सेंटिमीटरमध्ये निम्मा प्रकाश अडत असेल, तर ४० सेंटिमीटरवर पाव हिस्सा उरतो आणि सुमारे १.३ मीटरवर केवळ एक टक्का. त्याखाली शैवालाची वाढ जवळपास थांबते.

हा पडदा किती दिवस टिकेल, हे कणांच्या आकारावर ठरते. स्थिर पाण्यात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा रेतीचा कण दोन मीटर खोल पाण्यात चार-पाच मिनिटांत तळ गाठतो. त्याच्या शंभरपट लहान, म्हणजे एक मायक्रॉन व्यासाच्या चिकणमातीच्या कणाला दहा हजारपट वेळ, म्हणजे जवळजवळ महिना लागतो. ग्लासभर पाण्यात चिमूटभर चिकणमाती ढवळून ठेवली, तर दुसऱ्या दिवशीही पाणी दुधट दिसते ते यामुळेच.

खरी गंमत या बारीक कणांच्या पृष्ठभागावर आहे. एक ग्रॅम चिकणमातीचा एकूण पृष्ठभाग दहा चौरस मीटरहून अधिक भरू शकतो, आणि त्यावरील लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे फॉस्फेटला धरून ठेवतात. ही पकड कायमची नसते. भोवतालच्या पाण्यात विरघळलेले फॉस्फेट एका विशिष्ट पातळीच्या खाली गेले की कण ते सोडू लागतात, आणि वर गेले की शोषून घेतात. शैवालांनी पाण्यातले फॉस्फेट खाल्ले की कण आणखी सोडतात. त्यामुळे गाळलेल्या पाण्याच्या चाचणीत फॉस्फेट नगण्य आढळले, तरी साठा शिल्लक असू शकतो. खते घातलेल्या शेतजमिनीचा वरचा थर वाहून आला असेल, तर हा साठा मोठा असतो. याउलट खोलवरची लोहयुक्त, फॉस्फरस कमी असलेली माती तलावातलेच फॉस्फेट शोषून घेऊ शकते. म्हणून ‘गाळ वाईट’ एवढे म्हणून भागत नाही.

कण तळाशी बसल्यावर दुसरा अंक सुरू होतो. तिथे सेंद्रिय पदार्थ कुजताना ऑक्सिजन संपतो, न विरघळणाऱ्या फेरिक रूपातील लोहाचे विद्राव्य फेरस रूप होते आणि त्याला चिकटलेले फॉस्फेट मोकळे होते. सरोवरांचे अभ्यासक क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये इंग्लंडमधील सरोवरांच्या अभ्यासातून ही साखळी स्पष्ट केली. खोल सरोवरात मोकळे झालेले फॉस्फेट उन्हाळाभर तळच्या थंड थरात अडकून राहते. सरासरी जेमतेम दोन मीटर खोल असलेल्या चीनमधील तायहू सरोवरात मात्र जोराचा वारा तळ ढवळून काढतो आणि गाळ पुन्हा वर येतो.

अशा अर्धवट गढूळ पाण्यात मायक्रोसिस्टिससारख्या नीलहरित जिवाणूंचे फावते, कारण पेशींतील वायुपुटिकांच्या, म्हणजे हवेने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांच्या आधारे ते पृष्ठभागावर, थेट प्रकाशात तरंगतात. तरंगता न येणारे शैवाल खाली अंधारात अडकते.

तलावातले शैवाल घालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘शेवाळ खाणाऱ्या’ जिवाणूंच्या भुकट्या या हिशेबात कुठे बसतात, हे त्यांच्या जाहिराती सांगत नाहीत. शैवाल मेले, तरी त्याच्यातला फॉस्फरस तलावातच राहतो. त्यापेक्षा १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने काढलेला उपाय मला अधिक पटतो. त्यात चिकणमातीवरच लँथेनम हा धातू बसवून ती तलावात सोडतात; लँथेनम फॉस्फेटला घट्ट पकडते आणि तळाशी ऑक्सिजन संपला तरी लोहासारखे सोडून देत नाही. अर्थात, पुढच्या पुराबरोबर येणारा नवा गाळ या थरावर येऊन बसतोच.