मिरर बदलून व्हर्जन बदलत नाही रे बाबांनो

परवा कुडाळहून भाच्याचा फोन. "मामानू, तीनदा मिरर बदललंय, तरी लिबरऑफिस ताच जुना दाखवता!" उबुंटू लिनक्स २२.०४ त्याच्याकडे, आणि हा पठ्ठ्या भारताचा मिरर काढून सिंगापूरचा, मग जर्मनीचा असं करत बसलेला, तेही ऐन पावसात, लाइट गेली की पाठोपाठ टॉवर झोपतो अशा ठिकाणी. अरे, आरसा बदलून तोंड बदलतं का?

रिपॉझिटरी म्हणजे पॅकेजेसची (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या गाठोड्यांची) कोठी, ते माहितीये सगळ्यांना. मिरर ही त्याच कोठीची जशीच्या तशी कॉपी, दुसऱ्या सर्व्हरवर. जवळचा असला तर डाउनलोड भरभर होतो, बास. २२.०४ च्या कोठीत लिबरऑफिस ७.३ ठरलं ते ठरलं, दुरुस्त्या येतात त्या त्यालाच, मिरर कुठलाही घ्या. फार तर एखादा मिरर मागे पडलेला असतो, नाहीतर त्याचं सिंक चालू असताना आपण मधेच टपकतो आणि 'हॅश सम मिसमॅच' येतो, म्हणजे फाइलीचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा) यादीतल्या हॅशशी जुळत नाही. तासाभराने परत अपडेट मारा, लगेच फॉरमॅट मारायला धावू नका (धावतात, पाहिलेत).

पण खरी गोची भरवशाची. "कुठल्यातरी कॉलेजचा सर्व्हर, त्यांनी व्हायरस घातला तर?" घालू दे की. रिलीज नावाच्या फाइलवर उबुंटूची डिजिटल सही असते, त्या फाइलीत याद्यांचे हॅश, आणि यादीत एकेका पॅकेजचा हॅश. मिररवाल्याने एक बाइट जरी इकडचा तिकडे केला तरी ॲप्ट (उबुंटूचा पॅकेजेस उतरवून बसवणारा प्रोग्राम) तिथेच अडवतं, कारण सही करायची किल्ली त्याच्याकडे नाहीच.

आणि मिररला घाबरणारी हीच मंडळी कुठल्यातरी व्हिडिओतली ओळ उचलून बिनधास्त पीपीए (कुणाची तरी खासगी पॅकेजेसची कोठी) टाकतात! तो मिरर नव्हे हो, ती वेगळी रिपॉझिटरी, मालक वेगळा, किल्ली वेगळी. सही तिथेही तपासली जाते, पण ती त्या मालकाचीच, आणि त्याचं पॅकेज इन्स्टॉल होताना आतली स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार घेऊन, चालते. माझ्या मशीनवर ओळखीच्या प्रोजेक्टचा नसेल तर एकही पीपीए नाही, यावर वाद घालायला येऊ नका.

भाच्याला सांगितलं, नवीन हवंय तर २४.०४ वर ये, त्यात लिबरऑफिस २४.२ आहे. हो हो म्हणाला, आणि वर विचारतो, "पण मिरर खयचो ठेवू?"