पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का आहे, घ्यावं का?

आमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातलं पुस्तक घरी नेऊन उघडलं आणि आत एखाद्या वाचनालयाचा शिक्का दिसला, की ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला: हे चोरीचं तर नाही ना? विचारायलाच हवं. उत्तर बहुतेक वेळा पुस्तकातच असतं.

वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत एक क्रमांक मिळतो, आणि तोच पुस्तकावर लिहितात. पुस्तक फाटलं, माहिती शिळी झाली, वर्षानुवर्षं कुणी नेलं नाही, तर ग्रंथपाल यादी करतात, कार्यकारी मंडळ ठराव करतं आणि नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ‘निर्लेखित’, म्हणजे संग्रहातून काढून टाकलेलं, असा शेरा पडतो. मग पुस्तकावर ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’ असा दुसरा शिक्का मारतात. तो असेल तर निर्धास्त घ्या. नसेल तर आम्ही पुस्तक बाजूला काढून वाचनालयाला विचारतो. कधी शिक्का मारायचाच राहिलेला असतो, तर कधी कुणा सभासदानं परत न केलेलं पुस्तक रद्दीतून फिरत आलेलं असतं. ते पैसे न घेता परत जातं.

भेट पुस्तकांचं तसं नाही. घर बदलताना लोक वाचनालयाला खोकीच्या खोकी आणून देतात: एकाच कादंबरीच्या चार प्रती, जुनी गाइडं, दिवाळी अंकांचे गठ्ठे. जे नको ते दाखल न करताच विकलं जातं, म्हणून त्यावर क्रमांक नसतो. अमेरिकेत या कामाला वाचनालयांची मित्रमंडळंच असतात. सॅन फ्रान्सिस्कोतलं मंडळ फोर्ट मेसनला मोठी विक्री भरवून पैसा वाचनालयासाठी वापरतं. आपल्याकडे काही वाचनालयं आवारातच टेबल मांडतात, उरलेलं आमच्यासारख्यांकडे येतं.

महाराष्ट्राच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला सरकारी पैसे, मिळतं, पण पगारासकट बराचसा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. विक्रीची रक्कम लहान असली तरी नव्या पुस्तकांना उपयोगी पडते. रद्दीवाला वजनावर घेतो. आम्ही पुस्तक पाहून भाव ठरवतो आणि वाचनालयाच्या नावे धनादेश देतो.

अशी पुस्तकं स्वस्त का? बांधणीत कडा कापलेल्या, पाठीवर 891.46 सारखा विषय दाखवणारा वर्गांक, शेवटी तारखांची चिठ्ठी. संग्राहक नाक मुरडतात, वाचणाऱ्याचं काही अडत नाही. चिठ्ठी मात्र ओढून काढू नका, पान फाटतं.

स्वतःची पुस्तकं वाचनालयाला द्यायची असतील तर आधी ग्रंथपालांना यादी दाखवा. वाळवी लागलेलं देऊ नका. आणि ‘नको असल्यास विकावं’ हे तेव्हाच लिहून द्या. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं पुस्तक आमच्या फळीवर दिसलं की घरचे रागावतात, आणि त्यांचं चुकतं असं आम्हाला म्हणवत नाही.