कटला की रोहू-कटला संकर? तोंड बघा

उजनीच्या किंवा हिप्परग्याच्या पाण्यावर गळ टाकून बसणाऱ्यांत हा वाद ठरलेला: वर आला तो कटला की संकर? पाठीचा उंचवटा आणि रुपेरी खवलं दोघांनाही असतात, त्यावरून निकाल लावू नका. तोंड बघा.

अस्सल कटल्याचं डोकं अवजड, तोंड रुंद, खालचा जबडा पुढे येऊन वर वळलेला. ओठ साधे, मिशा नाहीत. वरच्या थरातले प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पाण्यासकट आत ओढायचे आणि कल्ल्यांतल्या दाट चाळणीत अडकवायचे, म्हणून ही ठेवण. रोहूचं तोंड लहान, खाली झुकलेलं, ओठांना झालर. संकर या दोघांच्या अधेमधे: तोंड जवळजवळ समोर, झालर पुसट, डोकं कटल्यापेक्षा लहान. डोकं लहान म्हणजे त्याच वजनात मांस जास्त. खायला मी तरी संकरच घेईन.

गळाचंही तसंच. कटला आमिष कुरतडत नाही, ओढून घेतो. त्यामुळे घट्ट गोळ्यापेक्षा पाण्यात सुटत जाणारी शेंगदाण्याची पेंड बरी, गळ वरच्या थरात. संकरासाठी दोरा थोडा लांब सोडून मधल्या थरात ठेवावा. उजनीत मध्येच चिलापी (तिलापिया मासा) आमिष पळवते, त्याला इलाज नाही. आणि तळ्याचा ठेका ज्यांच्याकडे असेल त्यांना आधी विचारा.

संकर येतो कुठून? कटला आणि रोहू मुळात गंगेकडचे, आपल्याकडे बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडून आणलेले. साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून रोहूसारख्या माशांकडून अंडी घालून घेतली आणि बीज केंद्रांची वाट मोकळी झाली. तिथे एकाच कुंडात दोन्ही जाती सोडल्या की संकर आपसूक होतो.

दोघांचीही गुणसूत्रं ५०. त्यामुळे हा संकर खेचरासारखा वांझ निघत नाही, त्याचीही पिल्लं होतात. बीजवाल्यांची खरी डोकेदुखी हीच. संकर पुन्हा कटल्याशी जुळला की पुढची पिढी इतकी कटल्यासारखी दिसते की तोंड बघून ओळखणं अवघड, तिथे डीएनए तपासणीच लागते. जनक मासे वेगवेगळ्या कुंडात ठेवणं त्या मानाने कितीतरी स्वस्त पडतं.