खिडकी उघडण्याआधी अर्धा तास

रत्नागिरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्याच जुलैत एसीतून ओल्या गोणपाटासारखा कुबट वास यायला लागला. घरमालक काका म्हणाले, "कोकणात चालायचंच, खारी हवा आहे." शेजारच्या काकूंनी कापूर जाळायला सांगितलं. जाळी काढून आत टॉर्च मारला, तर ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके. खाऱ्या हवेचा दोष नव्हता, ती बुरशी होती.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात आणि इतके बारीक, की एसीच्या साध्या जाळीतून सहज पलीकडे जातात. खायला त्यांना पात्यांवरची धूळ पुरते. अडतं ते फक्त पाण्यावाचून, आणि पाणी एसी स्वतःच पुरवतो.

कसं ते बघा. हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. एसीची कॉइल १० अंशांच्या आसपास थंड. तेवढ्या थंडीत हवेला ९ ग्रॅमच्या जरा वर वाफ पेलते. उरलेली कॉइलवर पाणी होऊन उतरते, सोलकढीच्या थंडगार पेल्याला बाहेरून घाम फुटतो तशी. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आधुनिक एसी आखला, तोही हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवायला, कारण कागद फुगत-आकसत होता.

एसी चालू असतो तोवर हे पाणी नळीवाटे वाहून जातं. गडबड सकाळी होते. आपण एसी बंद करतो आणि मोकळी हवा यावी म्हणून लगेच खिडक्या उघडतो. वर सांगितलेल्या हवेचा दवबिंदू २६ अंश, म्हणजे २६ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर तिचं पाणी होणार. कॉइल, ब्लोअर, आतलं प्लास्टिक अजून गारच असतं. आधीच ओलं, त्यात नव्यानं भिजतं, आणि दिवसभर अंधारात तसंच राहतं.

म्हणून खिडक्या बंद ठेवूनच एसी अर्धा तास नुसत्या फॅनवर चालवा. रात्रभर कोरडी झालेली खोलीतली हवा कॉइलला टॉवेलसारखी पुसून काढते. खोली थोडी दमट वाटेल, हरकत नाही. खिडक्या मग उघडा.

आधीच धरलेली बुरशी मात्र धुऊनच काढावी लागते. कापरानं वास झाकतो, बुरशी तिथेच राहते. नुसता जंतुनाशक फवारा मारूनही भागत नाही, कारण मेलेल्या बीजाणूंनीसुद्धा अ‍ॅलर्जी होते. भिंतीवरची ओल आणि मुलाचा खोकला बघून वास्तुदोष सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. दमेकऱ्याच्या घरी असला उशीर घातक ठरू शकतो.

आमचा ब्लोअर जेट पंपानं धुतला, तेव्हा बादलीत कोऱ्या चहासारखं पाणी जमलं. काकांनी ते स्वतः पाहिलं. नव्या करारात एक ओळ वाढली: मे आणि ऑक्टोबरची सर्व्हिसिंग त्यांच्याकडे, दर पंधरवड्याला जाळी धुणं माझ्याकडे.