मर्यादित की खुली आवृत्ती : संग्राह्य पत्त्यांच्या छपाईची पार्श्वभूमी

अमेरिकेत सिनसिनाटीच्या ज्या छापखान्यात 1881 मध्ये पत्त्यांची छपाई सुरू झाली, तोच पुढे युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनी म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याचा 1885 मधला ‘बायसिकल’ हा ब्रँड आजही चालू आहे. या धंद्याचा पायाच अखंड छपाई हा होता. कॅट मळला की फेकायचा आणि तसाच नवा आणायचा, ही खेळणाऱ्यांची रीत असल्याने अमुक कॅट एकूण किती छापले, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न ज्यांच्यामुळे पुढे आला, त्यांत ‘जेरीज नगेट’ या कॅटचे नाव आधी घ्यावे लागते. नॉर्थ लास व्हेगसमधील याच नावाच्या कॅसिनोने 1970 मध्ये आपले पत्ते छापून घेतले आणि ते भेटवस्तूंच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीला विकले. नव्वदीच्या अखेरीस साठा संपला. दरम्यान जादूगार आणि हातचलाखी करणारे कलाकार या पत्त्यांच्या गुळगुळीत हाताळणीवर लुब्ध झाले होते. त्यामुळे पुढे एकेका कॅटसाठी शेकडो डॉलर मोजले जाऊ लागले. येथे कोणीही ‘पुन्हा छापणार नाही’ असे वचन दिले नव्हते, हे महत्त्वाचे आहे. ही दुर्मीळता आपोआप घडलेली होती आणि म्हणूनच 2019 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरून वर्गणी गोळा करून याच कॅटची नवी छपाई झाली, तेव्हा कोणाचा विश्वासघात झाला असे म्हणता येत नाही.

किकस्टार्टर 2009 मध्ये सुरू झाले. तोपर्यंत स्वतःच्या रचनेचा कॅट बाजारात आणणे एलुजनिस्ट किंवा थिअरी इलेव्हनसारख्या जादूच्या क्षेत्रातील कंपन्यांनाच परवडत असे, कारण मोठे छापखाने ठरावीक संख्येपेक्षा लहान मागणी सहसा घेत नसत आणि तेवढ्या छपाईचे पैसे आधी गुंतवणे एकट्या चित्रकाराच्या आवाक्याबाहेरचे होते. ठरलेली रक्कम जमली तरच वर्गणीदाराचे पैसे कापले जातील, या किकस्टार्टरच्या नियमाने ही जोखीम हलकी झाली. पहिल्या काही वर्षांतील अनेक आवृत्त्या लहान राहिल्या, त्याचे खरे कारण कलात्मक निर्धार नसून छापखान्याची किमान मागणी आणि जमलेली वर्गणी एवढेच होते. पण संग्राहकांनी त्या लहान आकड्यालाच मोल दिले आणि रचनाकारांनीही ते ओळखले. मग डबीवर क्रमांक घातलेली मोहोर, सोनेरी कडा, धातूच्या वर्खाची छपाई, न कापलेले पूर्ण ताव यांची जोड देऊन किती कॅट छापणार तो आकडा आधीच जाहीर करण्याची आणि त्यापुढे न छापण्याचा शब्द देण्याची, म्हणजेच मर्यादित आवृत्तीची पद्धत पडली.

तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यावरून चित्रे छापणारे कलाकार आवृत्ती संपल्यावर पत्र्यावर रेघ ओढून तो निकामी करत, त्यामुळे असा शब्द मोडणेच अशक्य होई. पत्त्यांच्या बाबतीत मूळ रचना संगणकात शाबूत राहते आणि नवी प्लेट केव्हाही बनवता येते, तेव्हा मर्यादा टिकते ती केवळ रचनाकाराच्या शब्दावर. म्हणून, माझ्या मते, मोहिमेच्या पहिल्या दिवशी नेमका आकडा न सांगता वर्गणी येईल तितके छापायचे आणि नंतर त्यालाच ‘मर्यादित’ म्हणायचे, ही पद्धत वर्गणीदारावर अन्याय करणारी आहे. याउलट खुली आवृत्ती, म्हणजे आकड्याचे बंधन न घालता मागणी असेपर्यंत छापली जाणारी आवृत्ती, काढणाऱ्यात काहीही उणे नाही. उशिरा कळलेल्या माणसालाही मूळ किमतीत कॅट मिळतो आणि पत्ते कपाटात न राहता हातात खेळतात.

पुढे बहुतेकांनी मधला मार्ग पत्करला : एकाच रचनेची साधी आवृत्ती मागणी असेपर्यंत छापायची आणि वेगळ्या रंगाची, क्रमांकित आवृत्ती एकदाच काढायची. यामुळे वचनाची व्याप्ती रचनेपुरती न राहता रंग, वर्ख आणि मोहोर यांच्यापुरती आली. तीच रचना निळ्याऐवजी हिरव्या रंगात पुन्हा छापली तर पहिले वचन मोडले का, यावर संग्राहकांचे आजही एकमत नाही.