सेल्फ-होस्टेड बुकमार्क साधने

वेबपानांचे दुवे व लेख स्वतःच्या सर्व्हरवर, एनएएसवर (घरच्या नेटवर्कवरील साठवण-यंत्रावर) किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जपून ठेवणारे सॉफ्टवेअर. लेख नंतर वाचण्यासाठी साठवणाऱ्या सेवांपैकी ओम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि मोझिलाचे पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी बंद झाल्यावर त्यांचे अनेक वाचक या साधनांकडे वळले.

नुसता दुवा हवा की मजकूरही, हे आधी ठरवावे; बाकीची निवड त्यावरच अवलंबून असते. शार्ली व लिंकडिंग मुख्यतः दुवे सांभाळतात. शार्लीला डेटाबेस लागत नाही, लिंकडिंगला एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस पुरतो. दोन्ही अगदी हलकी, पण मूळ पान गेले की हाती शीर्षक, टॅग आणि मेलेला दुवा उरतो. (लिंकडिंगच्या ‘प्लस’ आवृत्तीत पानाची प्रत ठेवता येते, त्यासाठी क्रोमियम ब्राउझर सोबत येतो आणि मेमरीही बरीच जास्त लागते.)

वाचनासाठी वॉलाबॅग किंवा रीडेक. दोन्ही पानातला पसारा गाळून लेख ठेवतात. २०१३ मध्ये ‘पोश’ या नावाने सुरू झालेले वॉलाबॅग पीएचपीत लिहिलेले आहे. त्यात चित्रे उतरवून ठेवण्याची सोय मुळात बंद असते. ती चालू केली नाही, तर मूळ संकेतस्थळाबरोबर चित्रेही जातात. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) डोमेनचा पत्ता चुकला की लॉगिनचे पान रंगरूपाविना उघडते. रीडेक ही एकच प्रोग्राम-फाइल असून चित्रे आपोआप साठवते. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

लिंकवॉर्डन स्क्रीनशॉट व पीडीएफही घेते, त्याला पोस्टग्रेस हा वेगळा चालणारा डेटाबेस लागतो. काराकीप (पूर्वीचे होर्डर) क्रोम आणि मेलीसर्च हे शोधयंत्र सोबत चालवते. १ जीबी मेमरीच्या यंत्रावर लिंकवॉर्डन व काराकीप दोन्ही नकोत.

पान सर्व्हरने स्वतः आणले, तर सशुल्क लेखाऐवजी बहुधा लॉगिनची विनंतीच साठते. ब्राउझरमध्ये उघडलेलाच मजकूर पाठवणारे एक्स्टेन्शन वापरल्यास हे टळते. युनिकोडपूर्व फाँटमधली जुनी मराठी पाने मात्र मजकूर म्हणून साठवली की निरर्थक रोमन अक्षरे होतात. त्यांचा स्क्रीनशॉट किंवा पीडीएफच घ्यावा.

बॅकअप घेताना चालू एसक्यूलाइट फाइल तशीच कॉपी करू नये, प्रत अर्धवट निघू शकते. कंटेनर थांबवावा किंवा एसक्यूलाइटची बॅकअप आज्ञा वापरावी. एचटीएमएल निर्यातीत दुवे व बहुधा टॅग येतात, साठवलेले लेख येत नाहीत. त्यामुळे डेटाचा फोल्डरही वेगळा जपावा लागतो.