जपानमधला स्मृतिभ्रंश आणि काइगो होकेन: अर्ज कसा करायचा, आणि आराखड्यावर मत कधी द्यायचं

जपानमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला चाळिशी लागली की पगारातून एक नवी कपात सुरू होते. ती काइगो होकेनची, म्हणजे शुश्रूषा विम्याची. २००० साली सुरू झालेल्या या विम्यात नागरिकत्व पाहत नाहीत. ३ महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा निवासी दर्जा आणि पालिकेत नोंदलेला पत्ता असला की तुम्ही त्यात आलात. पैसे कापले जातात हे सगळ्यांना दिसतं. गरज पडल्यावर मागायचं कसं, आणि आपल्या भागात मागण्याजोगं काही असेल की नाही हे कोण ठरवतं, ते फारसं कुणी विचारत नाही.

पात्र कोण

वय ६५ किंवा जास्त असेल तर आजार कोणता हे महत्त्वाचं नाही, मदतीची गरज असली पाहिजे एवढंच. ४० ते ६४ या वयात मात्र ठरलेल्या १६ आजारांपैकी एकामुळे गरज निर्माण झालेली असावी लागते. ऐन उमेदीत आलेला स्मृतिभ्रंश त्या यादीत आहे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार आणि पार्किन्सनही आहेत. अपघातातली दुखापत नाही.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज पालिकेच्या किंवा वॉर्डाच्या कार्यालयात, काइगो होकेनच्या खिडकीवर द्यायचा. तरी पहिली फेरी तिथे न मारता आपल्या भागातल्या ‘चिइकि होकात्सु शिएन सेंटर’ला मारावी, असं माझं मत. ही मदतकेंद्रं २००६ पासून आहेत. आरोग्य परिचारिका, समाजसेवक आणि केअर मॅनेजर, म्हणजे शुश्रूषेची आखणी करून देणारा माणूस, एकाच ठिकाणी भेटतात, सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि घरच्यांना वेळ नसेल तर ते तुमच्या वतीने अर्जही भरून देतात.

सोबत लागतं ते असं: भरलेला अर्ज; ६५ वर्षांवरच्यांना टपालाने घरी आलेलं काइगो होकेनचं कार्ड; त्याखालच्यांना आरोग्य विम्याचा पुरावा; माय नंबर, म्हणजे प्रत्येक रहिवाशाला मिळणारा सरकारी क्रमांक, आणि ओळखपत्र, म्हणजे आपल्या बाबतीत बहुधा रेसिडेन्स कार्ड; आणि नेहमीच्या डॉक्टरांचं व दवाखान्याचं नाव. डॉक्टरांचा अभिप्राय तुम्ही आणायचा नसतो. पालिका तो थेट मागवते आणि त्याचे पैसेही तीच भरते.

मग पालिकेचा माणूस पाहणीला घरी येतो. ठरावीक ७४ प्रश्न असतात. अंथरुणातून उठता येतं का, आत्ता कोणता ऋतू आहे ते सांगता येतं का, रात्री-अपरात्री बाहेर जातात का, असे. खरी अडचण इथे येते. परक्या माणसासमोर आजोबा ताठ बसतात, ‘माझं सगळं मी करतो’ म्हणतात आणि श्रेणी, म्हणजे मदतीची गरज किती याची पालिका ठरवते ती पातळी, खाली घसरते. म्हणून घरचं कुणीतरी हजर हवंच. गेल्या महिनाभरात गॅस किती वेळा चालू राहिला, घरचा रस्ता कधी चुकले, हे तारखांसह लिहून त्या माणसाच्या हातात द्यावं. आजोबांसमोर ते बोलून दाखवू नये. स्मृतिभ्रंशात पुढच्या वयात शिकलेली भाषा अनेकदा आधी विरते, मातृभाषा मागे उरते. त्यामुळे जपानीत उत्तरं येत नसतील, तर ती भाषेमुळे की आजारामुळे हेही स्पष्ट सांगा आणि दुभाषा लागेल असं अर्ज देतानाच कळवा.

निकाल नियमाप्रमाणे ३० दिवसांत यायचा असतो. लांबल्यास तसं कळवतात. मदतीच्या २ आणि शुश्रूषेच्या ५ अशा ७ श्रेणी आहेत. मिळालेली श्रेणी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. सेवेच्या खर्चातला तुमचा वाटा १० टक्के, उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३०. श्रेणी पटली नाही तर प्रांताच्या परीक्षण मंडळाकडे ३ महिन्यांत दाद मागता येते. प्रकृती बिघडली असेल तर श्रेणी बदलण्याचा अर्ज मधे कधीही करता येतो, आणि बहुतेकांना तोच सोपा पडतो.

श्रेणी मिळाली, जागा कुठे आहे?

स्मृतिभ्रंशासाठीचं ग्रुप होम म्हणजे ५ ते ९ जणांनी मदतनिसांसोबत चालवलेलं घर. स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या, जमेल ते तिथले रहिवासीच करतात. प्रवेशाला स्मृतिभ्रंशाचं निदान, किमान ‘मदत २’ श्रेणी आणि त्याच पालिकेतला पत्ता लागतो. शेजारच्या शहरात जागा रिकामी असली तरी सहसा उपयोग नाही. भाडं आणि जेवण विम्याबाहेर, हेही हिशेबात धरा.

आपल्या पालिकेत अशी घरं किती असतील, हे दर ३ वर्षांच्या काइगो होकेन आराखड्यात ठरतं. आराखड्यातला आकडा भरला की नव्या घराला मान्यता नाकारण्याचा अधिकार पालिकेला आहे. सध्याचा नववा आराखडा मार्च २०२७ पर्यंतचा, दहावा एप्रिल २०२७ पासून. ६५ वर्षांवरच्यांचा हप्ताही याच आराखड्यातून निघतो. देशाची सरासरी सुरुवातीला महिना २,९११ येन होती, नवव्या आराखड्यात ६,२२५ येन झाली. सेवा वाढवा म्हणणाऱ्याने हा आकडा समोर ठेवूनच म्हणावं.

आराखडा करताना विमाधारकांची मतं विचारात घेण्याची तरतूद करणं पालिकेवर कायद्याने बंधनकारक आहे. १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या स्मृतिभ्रंश मूलभूत कायद्यानुसार, स्मृतिभ्रंशासाठीचा स्थानिक आराखडा करताना खुद्द रुग्णांचं आणि घरच्यांचंही म्हणणं ऐकण्याचा प्रयत्न पालिकांनी करायचा आहे.

मत देण्याची सगळ्यांना माहीत असलेली वाट म्हणजे मसुद्यावरच्या सूचना. मसुदा साधारण हिवाळ्यात पालिकेच्या कार्यालयात, वाचनालयात आणि संकेतस्थळावर ठेवतात. त्या हद्दीत राहणारा, बऱ्याच ठिकाणी तिथे नोकरी करणाराही, टपालाने किंवा ईमेलने सूचना पाठवू शकतो. नाव-पत्ता लागतो, तोंडी सूचना सहसा घेत नाहीत. प्रत्येकाला वेगळं उत्तर येत नाही. सूचनांचा सारांश आणि पालिकेची भूमिका एकत्र प्रसिद्ध होते. परदेशी नागरिकाला इथे स्थानिक निवडणुकीतही मत नाही. मूळचे भारतातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले ते जपानी नागरिक होते म्हणूनच. सूचना पाठवायला मात्र नागरिकत्व विचारत नाहीत.

तरी मसुदा हाती येईपर्यंत आकडे बरेचसे ठरून गेलेले असतात. त्याच्या वर्षभर आधी ज्येष्ठांना आणि घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांना प्रश्नावली येते. ती जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका, तिच्यावरूनच गरजेचा अंदाज बांधतात. आराखडा समितीवरही अनेक पालिका काही जागा सामान्य रहिवाशांसाठी ठेवतात. त्यासाठी छोटा निबंध मागतात. जपान आहे, निबंधाशिवाय समिती नाही! सूचना लिहिताना मोघम नको. ‘आमच्या भागात ग्रुप होम एकही नाही’, ‘पाहणीच्या वेळी दुभाषा पालिकेने द्यावा’ अशी, मसुद्याच्या पान क्रमांकासह लिहा.

माणूस ग्रुप होममध्ये गेल्यावरही मत देण्याची सोय संपत नाही. प्रत्येक घराला साधारण दर २ महिन्यांनी बैठक घ्यावी लागते. रहिवासी, त्यांचे नातेवाईक, शेजारी आणि पालिकेचा किंवा मदतकेंद्राचा माणूस तिथे बसतात. बैठकीचं इतिवृत्त खुलं ठेवणं बंधनकारक आहे. घर पसंत करण्याआधी मागच्या वर्षाची इतिवृत्तं मागून वाचा. कोण पडलं, कोण रात्री बाहेर गेलं, त्यावर काय केलं, हे माहितीपत्रकात सापडत नाही.